प्रोपेलर शाफ्टचे सेंटर बेअरिंग बदलताना : आधी खूण, मग पाना

गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना, म्हणजे थांबलेली गाडी पुढे काढताना, आसनाखालून घरघर येते, पायांखालचा पत्रा क्षणभर थरथरतो आणि वेग थोडा वाढला की सगळे शांत होते. काही आठवड्यांनी साठ-सत्तरच्या वेगाला एक संथ गुणगुण सुरू होते आणि क्लच दाबून इंजिनाचे फेरे उतरवले तरी ती थांबत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या लांब बांध्याच्या गाडीत ही दोन लक्षणे एकापाठोपाठ एक आली, तर सर्वांत आधी पाहण्याची जागा म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला मध्यभागी आधार देणारे सेंटर बेअरिंग. इंदूरच्या गॅरेजांत हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, कारण शेजारच्या पीथमपुरात तयार होणाऱ्या ट्रॅव्हलर या प्रवासी व्हॅनच्या लांब आवृत्त्या इथे जागोजागी धावतात आणि त्या गाड्यांना हे बेअरिंग असतेच.

ज्यांनी आपल्या गाडीचे तेल, फिल्टर, ब्रेक पॅड स्वतः बदलले आहेत, पण शाफ्ट कधी खाली उतरवलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. बेअरिंग काढणे आणि नवे बसवणे हे यातले सोपे काम आहे. शाफ्ट होता तसाच, त्याच दात्यावर आणि त्याच कोनात परत बसवणे हे खरे काम आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सात आसनी डिझेल गाडीचे सेंटर बेअरिंग मी शहरातल्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. बेअरिंग चांगल्या प्रतीचे होते, काम दीड तासात झाले आणि घरघर गेली. पण तिच्या जागी पन्नासच्या पुढे एक नवीच थरथर आली, जी आधी कधीच नव्हती. चाकांचे बॅलन्सिंग झाले, टायर पुढचे मागे करून झाले, थरथर तशीच राहिली आणि तीन महिन्यांत नव्या बेअरिंगचे रबरही फाटले. शेवटी रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात मामांबरोबर गाडीखाली शिरलो. मामांचे सगळे आयुष्य यंत्रांच्या जुळणीत गेलेले. त्यांनी शाफ्टवर टॉर्चचा प्रकाश टाकला आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याला धरणारे दुशिंगी तुकडे, एका रेषेत नाहीत हे बोटाने दाखवले. दातेदार जोड, म्हणजे एका तुकड्याचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसतात ती जागा, सुटा करताना कोणी खूण केली नव्हती आणि जोडताना तो जसा बसला तसा बसवला गेला होता. आम्ही तो योग्य दात्यावर आणला आणि त्याच संध्याकाळी थरथर नाहीशी झाली. तेव्हापासून मी पाना हातात घेण्याआधी रंगाची डबी उघडतो.

हे बेअरिंग तिथे का असते

गिअरबॉक्सच्या शेपटापासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंतचे, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी पेटीपर्यंतचे, अंतर लांब असले, की एकच लांब नळी वापरणे धोक्याचे ठरते. फिरणारी कोणतीही नळी एका ठरावीक वेगाला मधोमध धनुष्यासारखी वाकू लागते. त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात आणि तो नळीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे लांबी निम्मी केली तर क्रांतिक वेग चौपट होतो. म्हणून कारखाना शाफ्टचे दोन तुकडे करतो आणि पुढच्या तुकड्याच्या मागच्या टोकाला बेअरिंगचा आधार देतो. हे बेअरिंग थेट चेसिसला घट्ट बांधत नाहीत. त्याच्याभोवती रबराची जाड वळी असते आणि रबराबाहेर लोखंडी पत्र्याचे ब्रॅकेट असते. शाफ्टची बारीक थरथर रबर गिळते, म्हणून ती आसनापर्यंत पोहोचत नाही.

शाफ्ट किती वेगाने फिरतो, याची कल्पना असली की पुढची काळजी अनाठायी वाटत नाही. समजा, चाकाला २१५/७५ आर १५ मापाचा टायर आहे आणि डिफरन्शिअलचे प्रमाण ४.१ आहे. अशा टायरचा परीघ सुमारे २.२१ मीटर येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेते आणि शाफ्ट त्याच्या ४.१ पट, म्हणजे सुमारे २,४७० फेरे घेतो. सेकंदाला एक्केचाळीस फेरे घेणाऱ्या त्या लोखंडात थोडासा असमतोल असला, तरी त्याचा मार सेकंदाला एक्केचाळीस वेळा बेअरिंगवर बसतो.

आता क्रॉसची गोष्ट. दोन योकांना जोडणारा, चार टोकांना बेअरिंगच्या टोप्या असलेला हा अधिक-चिन्हासारखा तुकडा. युरोपात ज्याला कार्डानचा किंवा हूकचा सांधा म्हणतात, त्यालाच आपले मिस्त्री क्रॉस म्हणतात. सोळाव्या शतकातला इटालियन गणिती जेरोलामो कार्डानो आणि सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे या सांध्याला चिकटलेली आहेत. या सांध्याचा एक स्वभावदोष आहे. सांधा कोनात असताना त्याच्या अलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरला, तरी पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन तीन अंशांचा असेल तर हा फरक एक दशांश टक्क्याहून थोडाच अधिक असतो; दहा अंशांचा झाला तर तो दोन्ही बाजूंना दीड टक्क्यापर्यंत जातो. एका सांध्याने आणलेला हा चढउतार दुसऱ्या सांध्याने उलट करून फेडायचा असतो आणि त्यासाठी त्या दोन सांध्यांचे योक एकमेकांशी ठरलेल्या कोनात असावे लागतात. दातेदार जोड चुकीच्या दात्यावर बसला, की सांधे एकमेकांचा दोष फेडण्याऐवजी वाढवू लागतात. आमच्या गाडीत नेमके तेच झाले होते.

अनेक गाड्यांत मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात असतात, परंतु काही कारखाने तीन सांध्यांचा हिशेब धरून एखादा योक मुद्दाम वळवून बसवतात. म्हणून डोळ्याला सरळ दिसते तेच बरोबर, असा नियम करू नये. कारखान्याची किंवा स्वतः केलेली खूण हाच एकमेव भरवशाचा पुरावा आहे.

दोष याच बेअरिंगचा आहे याची खात्री

चाकाच्या बेअरिंगचा आवाज गाडी मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे झुलवली की बदलतो. सेंटर बेअरिंगचा बदलत नाही. डिफरन्शिअलच्या दातांचा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर वेगवेगळा येतो. टायरच्या उंचसखल झिजेचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. क्लचची थरथर फक्त क्लच सुटत असतानाच येते. सेंटर बेअरिंगच्या फाटलेल्या रबराची थरथरही गाडी उचलतानाच येते आणि इथेच गफलत होते. म्हणून गाडीखाली जाऊन हाताने पाहिल्यावाचून निर्णय करू नये.

गाडी सपाट जागी उभी करून, धुराड्याचा नळ पूर्ण थंड झाल्यावर, बेअरिंगजवळ शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावा. रबर थोडेसे देणारच, पण शाफ्ट सहज वर-खाली हिंदकळत असेल, रबर ब्रॅकेटपासून सुटलेले दिसत असेल, किंवा ब्रॅकेटच्या आत शाफ्ट मध्यावरून खाली बसलेला दिसत असेल, तर रबर गेले आहे. बेअरिंगच्या कडेवर तपकिरी गंजाची भुकटी किंवा बाहेर आलेले ग्रीस दिसले, तर सील गेले आहे. माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात गाडीच्या पोटाला थापल्यासारखा बसतो आणि वाळल्यावर दगडासारखा होतो; तो बेअरिंगच्या धूळ-कवचात अडकून सील घासत राहतो. म्हणून तपासणीआधी ती जागा पाण्याने नव्हे, तर तारेच्या ब्रशने कोरडी साफ करावी.

त्याच वेळी सगळे क्रॉस तपासावेत. क्रॉसच्या दोन बाजू दोन हातांत धरून उलट दिशांना पिळल्यावर जराही खेळ जाणवला, तर तो क्रॉसही बदलायचा आहे. झिजलेला क्रॉस तसाच ठेवून नवे बेअरिंग बसवणे म्हणजे पैसा आणि श्रम वाया घालवणे होय. आवाज नेमका कुठून येतो हे ऐकण्यासाठी चाके उचलून, इंजिन चालू ठेवून गाडीखाली जाण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती कोणीही करू नये. फिरणाऱ्या शाफ्टमध्ये सदऱ्याची बाही किंवा ओढणी अडकायला एक क्षण पुरतो.

भाग विकत घेताना

छोट्या ग्वालटोलीतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत नुसते गाडीचे नाव सांगून सेंटर बेअरिंग मागितले, तर त्याच गाडीच्या दुसऱ्या वर्षाच्या आवृत्तीचे हाती येऊ शकते. जुना भाग काढल्यावर तो सोबत नेणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर तीन मापे वहीत लिहून न्यावीत : बेअरिंगच्या आतल्या कडीचा व्यास, ब्रॅकेटच्या दोन भोकांमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आणि ब्रॅकेटच्या बसणाऱ्या पृष्ठभागापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंतची उंची. या तिसऱ्या मापाकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत. पण उंचीत काही मिलीमीटरचा फरक पडला तरी सांध्यांचे कोन बदलतात, आणि बेअरिंग अगदी नवे असतानाही गाडी उचलताना थरथर येते.

बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचता आला तर काम सोपे होते. सर्वसाधारण मालिकांमध्ये क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले, की आतला व्यास मिळतो. ०४ आणि त्यापुढच्या अंकांना हा नियम लागू होतो. ६२०६ म्हणजे आतून ३० मिलीमीटर, बाहेरून ६२ आणि रुंदी १६. ६२०७ म्हणजे आतून ३५, बाहेरून ७२ आणि रुंदी १७. काही गाड्यांत नुसते बेअरिंग बदलता येते आणि जुने रबर ठेवता येते. मी तो मार्ग सुचवत नाही. रबर बेअरिंगइतकेच जुने झालेले असते आणि सगळी उस्तवार पुन्हा करावी लागते. रबर, ब्रॅकेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच घ्यावा. त्यासोबत फ्लँजचे, म्हणजे शाफ्टच्या टोकाला बोल्टने जोडायच्या चकतीचे, नवे सेल्फ-लॉकिंग नट आणि मधल्या योकचा नवा नटही घ्यावा, कारण हे नट एकदा सुटले की त्यांची पकड पूर्वीसारखी राहत नाही.

हत्यारे आणि जागा

गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, दोन किंवा तीन पायांचा पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढणारे हत्यार), पितळी सळई, तारेचा ब्रश, सेंटर पंच, पांढरा ऑइल पेंट, गंज सोडवणारे तेल, मजबूत सुतळी किंवा तार, तेल झेलायचे घमेले आणि बेअरिंगच्या आतल्या कडीवरच टेकेल अशा मापाचा लोखंडी नळीचा तुकडा, इतके हाताशी असावे. नळीचा तुकडा लोहा मंडीत हव्या त्या मापाचा कापून मिळतो. त्याचे तोंड काटकोनात आणि गुळगुळीत असावे.

कामाचा खड्डा किंवा लिफ्ट मिळाली तर फारच चांगले. अंगणात करायचे असेल तर जमीन फरशीची किंवा काँक्रीटची हवी. मातीत जॅक रुततो. गाडी मागून उचलून घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, मागच्या ॲक्सलच्या नळीखाली दोन्ही बाजूंना लावाव्यात. चेसिसखाली लावल्या तर मागचे ॲक्सल खाली लोंबते, कमानपाटे उलगडतात आणि शाफ्टचे कोन रस्त्यावरच्या स्थितीपेक्षा वेगळे होतात. ॲक्सलखाली घोड्या असल्या, की कमानपाट्यांवर गाडीचा भार राहतो आणि चाके मोकळी असल्याने शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक बोल्ट खाली आणता येतो.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवावी. मागची चाके हवेत असताना गाडीला गिअर धरत नाही आणि मागच्या चाकांचा हँडब्रेकही धरत नाही. गाडी फक्त पुढच्या चाकांखालच्या ठोकळ्यांवर उभी असते. चाके जमिनीवर असली, तरी शाफ्ट निघाल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी घरंगळू शकते, कारण इंजिन आणि चाके यांचे नातेच तुटलेले असते. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो, त्यांचा तर तोही जातो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोकून बसवावेत आणि घोड्यांवर गाडी ठेवल्यावर बाजूने जोरात ढकलून पाहावी. ती हलली तर गाडीखाली जाऊ नये. एकट्याने हे काम करू नये. शाफ्ट जड असतो आणि तो खाली घेताना दुसरा माणूस हवाच.

खुणा

पाच ठिकाणी खुणा करायच्या आहेत आणि घाई करायची नाही. जागा ब्रशने लख्ख करून, पुसून, मग रंग लावावा. तेलकट लोखंडावर लावलेला रंग शाफ्ट खाली येईपर्यंत निघून जातो. खडूने खूण करू नये.

पहिली खूण मागच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्टची फ्लँज आणि डिफरन्शिअलची फ्लँज यांच्यावरून जाणारी एकच सरळ रेघ. दुसरी, पुढचा आणि मागचा तुकडा जिथे दातेदार जोडाने किंवा फ्लँजने मिळतात तिथे. तिसरी, गिअरबॉक्सच्या टोकाला, मग तिथे फ्लँज असो की दात्यांवर पुढे-मागे सरकणारा योक, म्हणजे सरकता योक. चौथी, मधला योक पुढच्या शाफ्टवर ज्या दात्यांवर बसतो तिथे, आणि ही खूण बहुतेक लोक विसरतात. पाचवी, ब्रॅकेट ज्या आडव्या पट्टीला बांधलेले असते तिच्यावर ब्रॅकेटच्या कडांची रेघ, कारण भोके लांबट असतात आणि ब्रॅकेट पुढे-मागे सरकू शकते. रंगाबरोबर सेंटर पंचचा एक हलका ठिपकाही करावा, मात्र शाफ्टच्या नळीवर नव्हे, कारण नळी पातळ असते. ब्रॅकेटच्या खाली किंवा वर पातळ पत्र्याचे शिम असतील तर ते किती आहेत आणि कोणत्या बाजूला आहेत हे लिहून ठेवावे. मोबाइलवर फोटो काढावेत, पण फोटोच्या भरवशावर रंग टाळू नये.

शाफ्ट उतरवणे

सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री टाकून ठेवावे. मागच्या फ्लँजचे बोल्ट आधी सैल करावेत, काढू नयेत. मग मदतनिसाने मागचा तुकडा खालून धरावा, बोल्ट काढावेत आणि फ्लँज पितळी सळईने हलकेच ठोकून सोडवावी. सुटलेले टोक कधीही लोंबत सोडू नये; ते सुतळीने चेसिसला बांधावे. शाफ्ट एका क्रॉसवर लोंबला तर क्रॉस त्याच्या मर्यादेपलीकडे वाकतो आणि त्याच्या टोप्यांची सीले दुखावतात.

त्यानंतर ब्रॅकेटचे बोल्ट सोडून मधला भाग खाली घ्यावा आणि पूर्ण शाफ्ट मागे ओढावा. पुढे सरकता योक असेल तर तो निघताच गिअरबॉक्सच्या शेपटातून तेल येऊ शकते. गाडी मागून उचललेली असेल तर ते कमी येते, तरी खाली घमेले ठेवावे आणि तोंडाला जाड प्लास्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधावी. हे तेल आणि पुढे धुण्याचे डिझेल एका डब्यात जमवून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे. नालीत ओतलेले तेल शेवटी कान्ह नदीतच जाते.

जुने बेअरिंग काढणे

शाफ्ट व्हाइसमध्ये धरायचा तर योकच्या भरीव भागावर, जबड्यांना लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून धरावा. नळीवर आवळल्यास ती चेपते आणि तिचा समतोल कायमचा बिघडतो. शाफ्टच्या नळीवर लहान पत्र्याचे तुकडे वेल्ड केलेले दिसतील. ती कारखान्यात लावलेली समतोलाची वजने आहेत. त्यांना हात लावू नये.

मधल्या योकचा नट फार घट्ट असतो आणि अनेकदा त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. ती कड आधी छिन्नीने उचलावी, मग लांब दांड्याने नट सोडवावा. योक पुलरने ओढावा. त्याला हातोड्याने मागून ठोकले, तर तो मार क्रॉसच्या टोप्यांतल्या सुईसारख्या बारीक रोलरांना बसतो. योक निघाल्यावर धूळ-कवच कोणत्या तोंडाने होते ते पाहून ठेवावे आणि बेअरिंग पुलरने काढावे. रबर आणि ब्रॅकेट आधीच फाटून वेगळे झाले असतील, तर पुलरचे पाय आतल्या कडीमागे घालावे लागतात. जागा नसेल तर मोटर-कामाच्या दुकानात प्रेसवर काढून घ्यावे. थोडे पैसे जातात, पण शाफ्ट वाचतो.

बेअरिंग निघाले की त्याची बैठक नीट पाहावी. स्वच्छ, करडी, एकसारखी बैठक म्हणजे सर्व ठीक. निळसर चट्टा किंवा नखाला लागणारी खाच दिसली, तर आतली कडी शाफ्टवर फिरत होती. अशा वेळी बैठकीवर सेंटर पंचचे ठिपके मारून ती ‘घट्ट’ करण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. बेअरिंग त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकते, काही दिवसांत टोके झिजतात आणि कडी पुन्हा फिरू लागते. बैठक चांगल्या खरादवाल्याकडून योग्य मापात भरून घ्यावी किंवा तो तुकडा बदलावा. भरलेल्या शाफ्टचे बॅलन्सिंग पुन्हा तपासून घ्यावे लागते.

नवे बेअरिंग बसवणे

बैठक बारीक पॉलिश पेपरने फक्त गंज जाईपर्यंत पुसावी, घासून माप कमी करू नये. मग डिझेलने धुऊन, कोरडी करून तेलाचे पातळ बोट फिरवावे. नव्या संचात पुढची आणि मागची बाजू वेगळी असते. बेअरिंग ब्रॅकेटच्या मध्यावर नसून अनेकदा एका बाजूला सरकलेले असते. जुना भाग शेजारी ठेवून दिशा पडताळावी. रबराला पाणी निघून जाण्यासाठी खाच असेल तर ती खाली यायला हवी.

दाब फक्त आतल्या कडीवर द्यायचा. बाहेरच्या कडीवर किंवा रबरावर दाब दिला, तर तो गोळ्यांमधून आतल्या कडीपर्यंत जातो आणि गोळ्यांच्या मार्गावर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग त्या दिवशी शांत फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर गुणगुणू लागते, तेव्हा दोष दुकानदाराला दिला जातो. नळीचा तुकडा आतल्या कडीवर टेकवून प्रेसने किंवा व्हाइसने हळूहळू दाबावे. बेअरिंग खांद्याला पूर्ण टेकले की दाबाचा कस एकदम बदलतो, तो हाताला कळतो. सीलबंद बेअरिंग ज्योतीने किंवा शेगडीवर तापवू नये. आतले ग्रीस आणि सील दोन्ही बिघडतात.

धूळ-कवच आणि मधला योक केलेल्या खुणेवर बसवून नवा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळावा आणि कड ठोकायची असेल तर ठोकावी. प्रत्येक गाडीचा टॉर्क वेगळा असतो. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नये. दातेदार जोडाला ग्रीस लावून तो खुणेवर जोडावा. आता शाफ्ट जमिनीवर ठेवून दोन्ही टोकांच्या योकांकडे एकदा डोळ्याने पाहावे आणि ते फोटोतल्यासारखेच आहेत का हे मदतनिसालाही पाहायला सांगावे.

गाडीत परत बसवणे

गिअरबॉक्सचे टोक आधी, मग ब्रॅकेट हाताने लागेल इतकेच सैल, मग मागची फ्लँज, असा क्रम ठेवावा. मागच्या फ्लँजचे बोल्ट आमनेसामने, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्कला आणावेत. ब्रॅकेटचे बोल्ट सर्वांत शेवटी, गाडीचा भार कमानपाट्यांवर असतानाच आवळावेत. आवळण्याआधी शाफ्ट हाताने चार-पाच फेरे फिरवावा म्हणजे बेअरिंग आपली जागा घेते. ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात आहे का, रबर कुठे पिळलेले किंवा पुढे-मागे ताणलेले नाही ना, हे बघावे आणि पट्टीवर केलेल्या रेघेशी कडा जुळवाव्यात. काही गाड्यांत, विशेषतः काही युरोपीय सेडानांत, ब्रॅकेट मुद्दाम काही मिलीमीटर पुढे सरकवून बसवायचे असते. अशा गाडीत मॅन्युअलमधले माप पाळावे, अंदाज करू नये. शिम होते तितके, होते तिथेच परत घालावेत.

ग्रीसच्या निपल असलेल्या क्रॉसमध्ये चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी करून पाहावी आणि सांडले तितके भरावे.

ज्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यांनी घाबरून शाफ्ट शोधत बसू नये; त्यांच्या गाडीत हा लांब शाफ्टच नसतो. काही गाड्यांत मात्र एका बाजूच्या लांब ड्राइव्हशाफ्टला इंजिनाच्या पाठीमागे आधाराचे बेअरिंग असते. त्यात दाब आतल्या कडीवर देण्याचा आणि बैठक तपासण्याचा नियम तोच, पण हब, बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (कोनातही एकसारख्या वेगाने फिरणारा सांधा) सोडावे लागतात, त्यामुळे नवख्याने ते काम जाणत्याच्या देखरेखीखाली करावे. चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या आणि क्रॉसऐवजी रबराची चकती किंवा सीव्ही जॉइंट असलेले शाफ्ट यांनाही हेच लागू आहे.

चाचणी

पहिली फेरी घराभोवती, खिडक्या उघड्या ठेवून, वीस-तीसच्या वेगाने करावी. गाडी उचलताना थरथर आली तर ब्रॅकेटची उंची, शिम किंवा सांध्यांचे कोन चुकले आहेत. सुरुवात शांत, पण वेगाबरोबर वाढत जाणारी थरथर आली तर योकांची जुळणी किंवा समतोल चुकला आहे; खुणा पुन्हा पाहाव्यात. थरथर नाही, पण सलग गुणगुण आहे, तर बेअरिंग बसवताना दुखावले किंवा दोष दुसऱ्या जागी होता. धातूवर धातू आपटल्याचा ‘टक्’ असा आवाज गिअर बदलताना आला तर एखादा क्रॉस किंवा सैल फ्लँज शोधावी, आणि ती सापडेपर्यंत गाडी पुढे नेऊ नये. धावत्या गाडीत सुटलेला शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटवू शकतो.

सर्व ठीक वाटले तर बायपासवर साठ ते ऐंशीच्या वेगाला दहा-पंधरा किलोमीटर चालवून परत यावे. शाफ्टवर भार पडतो तो चढावर, म्हणून मी त्यानंतर खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे भेरूघाटापर्यंत गाडी नेतो, सर्व आसने भरून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. घरी आल्यावर गाडी थंड होऊ द्यावी, पुन्हा खाली जावे, फ्लँज आणि ब्रॅकेटच्या प्रत्येक बोल्टवर टॉर्क पाना लावून पाहावा आणि बेअरिंगच्या सीलभोवती ग्रीसची नवी रेघ उमटली आहे का ते टॉर्चने बघावे. हीच तपासणी पाचशे किलोमीटरनंतर एकदा आणि पहिला पावसाळा सरल्यावर, वाळलेला चिखल ब्रशने काढून, आणखी एकदा करावी.